वाटपाचा दावा फेटाळला. आता अपील की नवा दावा?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझं वय ५४. माहेर सातारा जिल्ह्यातलं, वडिलोपार्जित नऊ एकर जमीन. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. माझं लग्न १९९१ साली झालं. वडील १९९८ साली वारले, आई २०१४ साली. सुगी झाली की भाऊ दोन पोती ज्वारी माझ्याकडे पोचवायचे, २०१६ पर्यंत हे चालू होतं. पुढे रस्त्यालगतचा तुकडा विकायचं चाललंय असं कळलं, म्हणून मी हिस्सा मागितला आणि २०१९ साली तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. भावांचं म्हणणं असं की वडिलांनी १९९६ सालीच तोंडी वाटप करून दिलं, आणि १९९९ च्या फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदी बदलताना, आम्ही बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब देऊन हक्क सोडला. त्या जबाबावर सही माझीच आहे, पण ती ‘वारसनोंदीसाठी’ म्हणून घेतली होती. थोरली बहीण भावांच्या बाजूने उभी राहिली. कोर्टाने दावा फेटाळला. निकालाला आज ३४ दिवस झाले. नकलेसाठी अर्ज नवव्या दिवशी केला, नक्कल एकविसाव्या दिवशी तयार झाली, माझ्या हातात तिसाव्या दिवशी आली. वकील म्हणतात अपिलात काही होत नाही, आपण नवा दावा टाकू. भावकीतले एक जण म्हणतात केस पुन्हा पहिल्यापासून चालवून घ्या. आता जुन्या ट्रंकेत सोसायटीच्या कर्जाचा २००१ सालचा कागद सापडलाय, त्यात दोघा भावांचं कुटुंब एकत्र असल्याचं लिहिलंय. भाऊ म्हणतात, अपील केलंस तर माहेर तुटलं समज. निकाल ‘मॅनेज’ झाला, असंही कुणी तरी मला सांगितलं. मी काय करू?
— एक बहीण

उत्तर :

ताई, नमस्कार. मुदतीबद्दल दोन ओळी तुम्हाला पत्र मिळाल्याच दिवशी कळवल्या होत्या, कारण ती गोष्ट सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबणारी नव्हती. तुमच्यासारख्या अडचणीत असलेल्या इतरांसाठी ती इथे पुन्हा आणि सविस्तर सांगतो.

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. निकालाचा दिवस त्यात धरत नाहीत. नकलेचा अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंत जो वेळ जातो, तोही वजा होतो. तुमच्या बाबतीत अर्ज नवव्या दिवशी आणि नक्कल तयार एकविसाव्या दिवशी, म्हणजे १२-१३ दिवस वाढून मिळतात. पण पुढचे नऊ दिवस नक्कल कोर्टात तयार पडून होती आणि ती कुणी आणली नाही, ते नऊ दिवस तुमच्या खात्यात जमा होत नाहीत. पुष्कळ लोक इथेच फसतात. नक्कल हातात आली तेव्हापासून महिना मोजतात आणि मुदत केव्हाच निघून गेलेली असते. नकलेच्या पाठीमागे शिक्का असतो, त्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात. हिशोब त्या शिक्क्यावरून करायचा, आठवणीवरून नाही. तुमचा हिशोब बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास संपतो. म्हणजे हातात आठवडाभर आहे, आणि त्यातला शेवटचा दिवस नसल्यासारखाच धरा. हुकूमनामा (निकालाचा औपचारिक आदेश, डिक्री) वेगळा तयार झाला नसेल तरी थांबू नका. निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल होतं.

एवढं करूनही मुदत हुकली तर दार लगेच बंद होत नाही. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र द्यावं लागतं, आणि उशिराचं पुरेसं कारण दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितलं आहे की अशा अर्जांकडे उदार नजरेने पाहावं, कारण उशीर करून पक्षकाराचा सहसा फायदा होत नसतो. पण ‘मला कायदा माहीत नव्हता’ एवढ्यावर माफी मिळेल अशी आशा धरू नका. आजारपण असेल तर कागद लागतो, वकिलाने कळवलं नाही असं म्हणायचं तर कधी आणि कसं कळलं ते तारखेनिशी सांगावं लागतं. शिवाय हा अर्ज चालण्यातच महिने जातात आणि तोवर मूळ अपील तसंच पडून राहतं. वेळेत अपील करणं हे म्हणूनच निम्मं काम आहे.

आता तुमच्या वकिलांच्या सल्ल्याबद्दल. नवा दावा टाकण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. त्याच पक्षकारांमध्ये, त्याच मिळकतीबद्दल, तोच प्रश्न कोर्टाने गुणदोषांवर ठरवला असेल, तर तो पुन्हा दुसऱ्या दाव्यात उकरता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ चा तो अडथळा आहे. नवा दावा लावलात तर भाऊ पहिल्याच तारखेला जुना निकाल पुढे करतील, आणि तोवर अपिलाची मुदत संपलेली असेल. दोन्हीकडून हात रिकामे. हा सल्ला कुणी दिला याचा राग करत बसू नका, पण तो ऐकूही नका.

‘केस पुन्हा पहिल्यापासून’ हेही आपल्याकडे मागून मिळत नाही. निकाल विरुद्ध गेला म्हणून त्याच न्यायाधीशांसमोर सगळे साक्षीदार पुन्हा उभे करण्याची सोय आपल्या दिवाणी कायद्यात नाही. त्याच्या जवळपास जाणाऱ्या तीन वाटा आहेत, त्या वेगवेगळ्या ओळखा. एक, निकाल तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी लागला असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज. तुम्ही तर हजर होतात, साक्ष दिलीत, त्यामुळे ही वाट तुमची नाही. दुसरी, पुनर्विलोकन. त्याच कोर्टाला निकालाच्या तोंडावरच दिसणारी चूक दाखवायची, किंवा पूर्ण काळजी घेऊनही आधी न मिळालेला महत्त्वाचा पुरावा दाखवायचा. त्याची मुदतही ३० दिवसांचीच, आणि एकदा अपील दाखल केलं की पुनर्विलोकनाचा अर्ज करता येत नाही. न्यायाधीशांनी पुराव्याचा अर्थ चुकीचा लावला हे पुनर्विलोकनाचं कारण होत नाही, ते अपिलाचं कारण. तिसरी वाट म्हणजे अपिलात जिल्हा न्यायालयानेच प्रकरण खाली परत पाठवणं. खालच्या कोर्टाने एखादा आवश्यक मुद्दा काढलाच नाही किंवा प्रकरण एखाद्या प्राथमिक मुद्द्यावरच संपवलं, तर असं होऊ शकतं. पण ते मागायच्या आधी विचार करा. प्रकरण परत गेलं की आणखी काही वर्षं गेली. जिल्हा न्यायालयाला समोरच्या पुराव्यावर स्वतः निकाल देता येत असेल तर तोच मागावा. माझं मत विचाराल तर तुमच्या प्रकरणात परत पाठवून घेण्याचं कारण दिसत नाही.

तुमची वाट अपील. आणि तुमच्या प्रकरणात मला ते करण्यासारखं वाटतं. का, ते जरा सावकाश सांगतो.

अपील म्हणजे आपलं दुःख वरच्या साहेबांना नव्याने सांगणं, अशी समजूत फार पसरलेली आहे. तिथे तुम्ही उभ्या राहून काही सांगणार नाही. अपील कागदावर चालतं: दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), सरतपास (साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष), उलटतपास, निशाणी पडलेले (कोर्टाने क्रमांक देऊन पुराव्यात घेतलेले) दस्त आणि निकालपत्र. जिल्हा न्यायालयाला यातला सगळा पुरावा नव्याने तपासण्याचा अधिकार आहे, वस्तुस्थितीवरही आणि कायद्यावरही. म्हणून अपिलाची कारणं ‘निकाल अन्यायकारक आहे’ अशी लिहून भागत नाही. कोणत्या मुद्द्यावर, कोणता पुरावा नजरेआड केला किंवा कोणता कायदा चुकीचा लावला, हे निकालपत्राच्या परिच्छेदावर बोट ठेवून सांगावं लागतं. त्यासाठी तुम्ही स्वतः निकालपत्र वाचा. मराठीत आहे, अवघड नाही. सुरुवातीलाच मुद्दे आणि त्यासमोर ‘होय’, ‘नाही’ अशी उत्तरं असतात. जिथे तुमच्या विरुद्ध उत्तर आहे, त्याची कारणं पेन्सिलने खुणा करत वाचा.

तुम्ही पाठवलेल्या पानांवरून दिसतं की कोर्टाने तीन गोष्टी धरल्या. तुमचं लग्न १९९४ च्या आधीचं असल्याने तुम्ही सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क असलेली व्यक्ती) नाही. १९९६ साली तोंडी वाटप झालं. आणि १९९९ साली तुम्ही हक्क सोडला. दावा मुदतीत लावला का, हा मुद्दा मात्र तुमच्या बाजूने लागला आहे.

पहिली गोष्ट सरळ कायद्याची चूक आहे असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. आपल्या गावागावांत आजही तोच नियम सांगितला जातो. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ६ देशभरासाठी बदललं आणि त्यात लग्न झालेल्या-न झालेल्या असा भेद ठेवलेला नाही. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो वाद मिटवला: हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. तुमचा निकाल त्यानंतरचा आहे. त्यात या निर्णयाचा उल्लेख आहे का पाहा. नसेल तर अपिलाचं पहिलं कारण तेच.

दुसरी गोष्ट, तोंडी वाटप. इथे खरी झुंज आहे. कायद्याने २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटपांना संरक्षण दिलं आहे, पण वाटप म्हणजे नोंदणीकृत वाटपपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेलं. मुलींचा हक्क बुडवण्यासाठी मागाहून तोंडी वाटपाची गोष्ट रचली जाऊ नये, हाच त्यामागचा हेतू. विनीता शर्मा प्रकरणात कोर्टाने एवढी फट ठेवली आहे की सार्वजनिक दस्तऐवजांच्या आधाराने तोंडी वाटप पक्कं शाबीत झालं, तर अपवाद म्हणून ते मान्य करता येईल; नुसत्या तोंडी पुराव्यावर नाही. भावांचे वकील याच फटीत १९९९ चा फेरफार बसवतील. तेव्हा तुमच्या वकिलांनी विचारायचं: वाटप १९९६ चं, मग त्या साली कुठे नोंद झाली? पाणीपट्टी, पीकपाणी, खाते उतारा, कर्ज, यातलं काय १९९६ नंतर लगेच वेगळं झालं? तीन वर्षांनी, वडील गेल्यावर, वारसनोंदीच्या निमित्ताने झालेला फेरफार आधीच्या वाटपाचा पुरावा कसा होतो?

आणि याहून साधा, पण माझ्या मते सगळ्यात नेमका प्रश्न पुढे आहे. १९९६ साली वाटप झालं असं घटकाभर मानलं, तर त्यात वडिलांच्या वाट्याला काय आलं? बाप हयात असताना स्वतःला काहीच न ठेवता सगळं दोन मुलांना देतो, असं भावांचं म्हणणं आहे का? साक्षीत त्यांनी तसं सांगितलंय का? वडिलांना काही वाटा मिळाला असेल तर १९९८ साली मृत्युपत्राशिवाय ते वारले, त्या वाट्यावर तुमची आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी असे पहिल्या वर्गाचे पाच वारस उभे राहिले. मुलीला हा वारसाहक्क १९५६ पासून आहे. तिचं लग्न कधी झालं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे कोर्टाचे पहिले दोन निष्कर्ष जसेच्या तसे धरले, तरी तुमचा दावा मुळापासून फेटाळता येत नव्हता. निदान वडिलांच्या वाट्यातला हिस्सा तुम्हाला मिळायलाच हवा होता. हे पर्यायी कारण अपिलात स्वतंत्रपणे लिहून घ्या. हिस्सा मोठा असो की छोटा, दावा फेटाळला जाणं आणि मंजूर होणं यातला तो फरक आहे.

मग राहतो तलाठ्यासमोरचा जबाब. तुम्ही सही नाकारली नाहीत, हे बरं केलंत. खोटं बोलणाऱ्या पक्षकाराचं खरंही कोर्ट मानत नाही. पण सही असली तरी तिने हक्क जातो का? शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क दस्ताने सोडायचा तर तो दस्त नोंदवावा लागतो. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, तो महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेला अभिलेख आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरावी असं महसूल संहिता म्हणते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. भावांचे वकील म्हणतील की घरातली व्यवस्था तोंडीही होऊ शकते, तिला नोंदणी लागत नाही. तोंडी होऊ शकते, हे खरंच आहे. पण मग ती केव्हा ठरली, कोण बसलं होतं, बहिणींना त्या बदल्यात काय मिळालं, हे शाबीत करण्याचं ओझं त्यांच्यावर येतं. त्यांच्या उलटतपासात हे प्रश्न विचारले गेले होते का? उत्तरं काय आली? थोरल्या बहिणीने साक्ष दिली असेल तर तिची उलटतपासणी दोनदा वाचा. घरच्या माणसाच्या तोंडून अनेकदा एखादं वाक्य खरं निघून जातं.

ज्वारीच्या पोत्यांची गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहिलीत. ती कोर्टात शपथेवर सांगितली होती का? सांगितली असेल तर ती तुमच्या प्रकरणातली फार मोलाची ओळ आहे. १९९९ साली हक्क सोडून मोकळ्या झालेल्या बहिणीला २०१६ पर्यंत दरवर्षी शेताचं धान्य का येत होतं? भाऊ म्हणतील माहेरची रीत म्हणून दिलं, आणि कोर्ट ते मानूही शकेल. पण मुदतीच्या मुद्द्यावर हीच गोष्ट तुम्हाला सांभाळते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलं आहे हे कळल्यापासून १२ वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. हा मुद्दा तुम्ही खाली जिंकलात म्हणून निर्धास्त राहू नका. भावांनी स्वतः उलट अपील केलं नाही तरी तुमच्या अपिलात ते म्हणू शकतात की हा मुद्दाही आमच्या बाजूने लागायला हवा होता. तुमच्या वकिलांनी त्याची तयारी आधीपासून ठेवायला हवी.

आता ट्रंकेतला कागद. तो अपिलाला नुसता टाचून देता येत नाही. अपिलात नवा पुरावा हा अपवाद आहे आणि त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम २७ खाली वेगळा अर्ज लागतो. एक तर खालच्या कोर्टाने तो पुरावा चुकीने नाकारलेला असावा, किंवा पूर्ण प्रयत्न करूनही तो तेव्हा तुमच्या माहितीत नव्हता किंवा हजर करता आला नव्हता असं दिसावं, किंवा निकाल देण्यासाठी कोर्टालाच तो आवश्यक वाटावा. ‘आता सापडला’ यावर पहिला प्रश्न येईल की तुमच्याच घरच्या ट्रंकेत होता तर सहा वर्षं का शोधला नाहीत? ट्रंक कुणाच्या ताब्यात होती, कधी उघडली, हे शपथपत्रात जसं घडलं तसं लिहा, एक अक्षर वाढवू नका. आणि त्याहून महत्त्वाचं, तो कागद ज्या विकास सोसायटीचा आहे तिथून त्याच कर्जप्रकरणाची प्रमाणित प्रत मागा. २००१ साली भावांनी स्वतःच्या सहीने कुटुंब एकत्र असल्याचं लिहून दिलं असेल, तर १९९६ च्या वाटपाला ते फार जड जाईल. पण असा अर्ज नामंजूरही होतो. तेव्हा सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. तुमचं अपील त्या कागदाशिवायही उभं राहतं.

रस्त्यालगतच्या तुकड्याची तुमची भीती खरी आहे. त्यासाठी लोक ‘स्टे मागा’ म्हणतील. तुमचा दावा फेटाळला गेला आहे, भावांच्या हातात अंमलबजावणी करण्यासारखा हुकूमनामाच नाही, मग स्थगिती कशाला देणार? ज्याच्या विरुद्ध पैशाचा किंवा ताब्याचा हुकूमनामा झालाय त्याने स्थगिती मागायची. तीही नुसतं अपील दाखल केल्याने आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. तुम्हाला हवा आहे तो मनाई हुकूम: अपिलाचा निकाल लागेपर्यंत जमीन विकू नये, गहाण टाकू नये, तिसऱ्याचा हक्क निर्माण करू नये. अपिलासोबतच हा अर्ज द्या. दावा चालू असताना खाली असा मनाई हुकूम मिळाला असेल तर तो दावा फेटाळल्याबरोबर संपला, हेही लक्षात ठेवा. शिवाय अपील प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवून घ्या. आपल्या राज्यात या नोंदणीला महत्त्व आहे, आणि विकत घेणाऱ्याला मग ‘मला ठाऊकच नव्हतं’ म्हणता येत नाही. भावांनी जिल्हा न्यायालयात कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नका, असा आगाऊ अर्ज) दाखल केलं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर त्यांना ऐकल्याशिवाय आदेश होणार नाही. म्हणून अर्जाची प्रत त्यांच्या वकिलांना आधीच पोचवा, नाहीतर पहिली तारीख त्यातच वाया जाते.

वकील बदलायचे का, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रात ते जाणवतं. अपिलासाठी नवं वकीलपत्र द्यावंच लागतं, तेव्हा निर्णय तुमच्या हातात आहे. दिवाणी अपिलं नियमित चालवणारा वकील शोधा. जुन्या वकिलांकडून संपूर्ण फाईल मागून घ्या. फी बाकी असली तरी त्यापोटी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. पैशाची अडचण असेल तर संकोच करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या मदतीत कोर्ट फीचा खर्चही येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. मात्र अर्ज मंजूर होऊन वकील नेमला जाईपर्यंत काही दिवस जातात, म्हणून तुमच्या हातात असलेला आठवडा सांगून तातडीने करा.

अपिलात थोरल्या बहिणीसह दाव्यातले सगळे पक्षकार आले पाहिजेत. अपील चालू असताना कुणी वारलं तर ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतात. भाऊ काही कळवणार नाहीत, पण गावातली बातमी तुमच्यापर्यंत पोचतेच. ती त्याच दिवशी वकिलांना सांगा. वाटपाची किती तरी अपिलं या एका हयगयीने आपोआप संपलेली आहेत. तारखा मोबाईलवर स्वतः पाहत जा. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. नातवंडांपैकी कुणीही पाच मिनिटांत शिकवेल.

निकाल ‘मॅनेज’ झाला असं तुम्हाला कुणी तरी सांगितल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. तुमची चीड समजते. पण हातात पुरावा नसताना असं एक वाक्यही अपिलात जाऊ देऊ नका. त्याने तुमचा एकही मुद्दा बळकट होत नाही, उलट वाचणाऱ्याचं मन तुमच्याबद्दल कलुषित होतं.

जिल्हा न्यायालयात काही राखून ठेवू नका, कारण वस्तुस्थिती तपासणारं ते शेवटचं कोर्ट आहे. त्यापुढे उच्च न्यायालयात दुसरं अपील होतं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल करून घेतलं जातं. तोंडी वाटप झालं की नाही याची साक्षी-पुराव्यावर तिथे पुन्हा चर्चा सहसा होत नाही. त्यासाठी मुदत ९० दिवसांची. सातारा जिल्ह्याची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा वेळ आलीच तर मुंबईच्या फेऱ्या तरी वाचतील. (ज्यांचा दावा मंजूर होऊन प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा किती हिस्सा ते ठरवणारा, झालाय पण हिस्सा कमी धरला गेलाय, अशा वाचकांसाठी एक सूचना: त्या प्राथमिक हुकूमनाम्यावरच अपील करा. अंतिम हुकूमनाम्याची वाट पाहिलीत तर नंतर हिश्श्याबद्दल बोलता येत नाही.)

आता माहेराचं. मी तुम्हाला अपील कराच असा आग्रह धरणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवायचं आहे. वेळ लागेल, वर्षं लागतील, आणि जिंकलात तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मोजणी करून व्हायचं असतं, त्यालाही काळ जातो. पण भावांनी घातलेली अट मला मान्य नाही. हिस्सा मागितला की नातं तुटतं, हे बहिणीलाच का सांगितलं जातं? भाऊ एकमेकांकडे हिस्सा मागतात तेव्हा त्याला वाटणी म्हणतात आणि सणाला पुन्हा एका पंगतीत बसतात. तुम्ही काही कुणाचं ओरबाडत नाही. वीस वर्षं वाट पाहून, ज्वारी गोड मानून, तुकडा विकायला निघाला तेव्हाच तोंड उघडलंत. अपराधी वाटून घेऊ नका.

तडजोडीचं दार अपील दाखल करूनही उघडं राहतं. खरं सांगायचं तर दाखल केल्यावरच ते नीट उघडतं, कारण मुदत संपली की भावांना तुमच्याशी बोलायचं काही कारणच उरत नाही. आज अपिलाशिवाय ‘बघू, दिवाळीत बसून ठरवू’ असा निरोप आला तर तो आनंदाने ऐका, आणि अपील दाखल करूनच दिवाळीला जा. पुढे प्रकरण मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीत नेता येतं. तिथे जे ठरेल ते वाचल्याशिवाय सही करू नका. सहमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही आणि लोकअदालतीचा निवाडाही अंतिम असतो. १९९९ साली ‘वारसनोंदीसाठी’ म्हणून जशी सही घेतली गेली, तसा प्रसंग पुन्हा येऊ देऊ नका. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, वहिवाटीचा रस्ता, विहिरीतल्या पाण्याची पाळी, जमिनीऐवजी पैसे ठरले तर रक्कम आणि तारीख, सगळं कागदावर आलं पाहिजे, आणि सही करताना तुमचा स्वतःचा वकील शेजारी बसलेला पाहिजे.